वाकडी मान आणि अण्णांची पेन्शन

सासऱ्यांची पेन्शन मी एका संध्याकाळी बंद केली. ती सुरू व्हायला तेव्हा अजून चार महिने होते.

आम्ही नाशिकरोडला राहायचो. माझे सासरे, अण्णा, एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि मेअखेर रिटायर होणार होते. मी लग्नाआधी कॉम्प्युटरचा छोटासा कोर्स केला होता, त्यामुळे घरात माझा मान डॉक्टरच्या खालोखाल होता. (टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला तरी मलाच हाक. मी गंभीर चेहऱ्याने सेल बदलायचे.) त्यात आमच्या यांनी हप्त्यावर कॉम्प्युटर आणला, फोनची वायर त्याला जोडली आणि घरात इंटरनेट आलं. ते चालू असलं की फोन बंद, एवढीच त्याची अट होती.

अण्णांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. पेन्शनमध्ये घर भागलं, तर रिटायर झाल्यावर ते मस्त घरी बसणार होते. नाही भागलं, तर ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे रोज हिशेब लिहायला जावं लागणार होतं. इतकी वर्षं मान मोडून काम केल्यावर पुन्हा टेबलापुढे बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. कचेरीत विचारलं की "होईल हो सावकाश" असं उत्तर यायचं.

मी म्हटलं, त्यात काय एवढं, इंटरनेटवर पेन्शनचं कॅल्क्युलेटर असतं. माहिती भरली की आकडा हजर.

अण्णा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. सासूबाईंनी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली. पान सगळं इंग्रजीत होतं आणि अण्णांचा चष्मा दुरुस्तीला गेला होता, म्हणून मी विचारायची आणि ते सांगायचे. नोकरीला कधी लागलात, पगार किती, महागाई भत्ता किती. जन्मतारीख मात्र मी विचारली नाही. घरच्या सुनेला सासऱ्यांची जन्मतारीख माहीत नसेल काय? अण्णांचा जन्म वसुबारसेचा. त्या दिवशी आमच्याकडे गहू आणि दूध चालत नाही, म्हणून त्यांच्या वाढदिवसाला केकऐवजी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी दरवर्षी मीच करायची. तारीख आणि साल पत्रिकेत होतं. ती मी सकाळीच देवघरातून काढून ठेवली होती, तिच्यात बघून आकडे ठोकून दिले.

बटण दाबलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग लाल अक्षरांत एक ओळ उमटली.

"किती आली?" अण्णांनी विचारलं.

मी ती ओळ दोनदा वाचली आणि मराठीत सांगितली. नोकरीला लागताना वय अठरापेक्षा कमी. पेन्शनला पात्र नाही.

मला वाटलं अण्णा हसतील. ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला आणि ते हळूच म्हणाले, "पकडलं शेवटी."

मग त्यांनी जे सांगितलं ते सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. अण्णांचं गाव नांदगावकडचं. तिथे तेव्हा जन्माचे दाखले नसायचे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की पोरगं सहा वर्षांचं झालं असं समजून गुरुजी नाव दाखल करून घ्यायचे. अण्णा तेव्हा साडेचारच वर्षांचे. कान काही हाताला लागेना.

"मग मी मान वाकडी केली," अण्णा म्हणाले. "गुरुजींनी पाहिलं आणि पाहिलं नाय असं केलं. जन्मतारीख एक जून लिहिली."

म्हणजे शाळेच्या आणि त्यामुळे सरकारच्या हिशेबाने अण्णा दीड वर्षाने मोठे होते. मॅट्रिक होऊन ते नोकरीला लागले, तेव्हा कागदावर अठरा पूर्ण होती आणि अंगावर साडेसोळा.

"पण हे याला कसं कळलं?" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

खरं तर मी इथेच डोकं चालवायला हवं होतं. पण कोर्स केलेल्या माणसाला "माहीत नाही" म्हणवत नाही. मी म्हटलं, "हल्ली सगळं सरकारी रेकॉर्ड कॉम्प्युटरवर असतं, अण्णा."

झालं! त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. सासूबाईंनी लगेच दुधाचा रतीब निम्मा केला. हे म्हणाले, झोपा आता, सकाळी बघू. सकाळी बघायला अण्णा घरात नव्हतेच. कुणी येऊन धरण्याआधी आपणच साहेबांना सांगून टाकतो, असं सासूबाईंना बजावून ते पत्रिका घेऊन कचेरीत गेले होते.

मला फार वाईट वाटलं. काही चुकलं असेल तर बघावं म्हणून मी पुन्हा कॉम्प्युटर लावला आणि सगळं पहिल्यापासून भरायला घेतलं. जन्मतारखेच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. सरकारला काहीही कळलेलं नव्हतं. पत्रिकेतली तारीख कॉम्प्युटरला मीच सांगितली होती!

कचेरीत फोन लावायला धावले, तर फोनमधून नुसतीच खरखर. (इंटरनेट चालू होतं.) तशीच रिक्षा केली. पायांत डाव्या पायाची माझी चप्पल आणि उजव्या पायाची सासूबाईंची.

मी साहेबांच्या खोलीच्या दारात पोचले तेव्हा अण्णा खाली मान घालून उभे होते, आणि त्यांच्याभोवती अख्खी कचेरी हात वर करून उभी होती. मला वाटलं, अण्णांविरुद्ध साक्ष देण्यासाठी शपथ चालली आहे. तर साहेब विचारत होते, "एक जूनवाले अजून कोण राहिले?" आणि त्यांचा स्वतःचा हातही वरच होता.

"अहो, कान माझाही पोचत नव्हता," साहेब अण्णांना म्हणाले. "मला तर वडिलांनी मागून कोपर ढकललं होतं. शाळेच्या दाखल्यावर असेल तीच तुमची जन्मतारीख. पेन्शन कुठे जात नाही तुमची. बसा, चहा घ्या."

अण्णा मटकन खुर्चीत बसले. डोळे पुसले. मलाही रडू आलं. मग चहा पिता पिता ते माझ्याकडे वळले. "पण मग कॉम्प्युटरला कळलं कसं?"

सगळी कचेरी माझ्याकडे बघायला लागली. मी बशीत बघत म्हटलं, "मीच सांगितलं."

घरी येऊन एक जून टाकली आणि आकडा आला. घर भागणार होतं. अण्णांनी त्याच संध्याकाळी ट्रान्सपोर्टवाल्याला नाही म्हणून कळवलं, आणि सासूबाईंनी दूध पूर्ववत केलं.

पुढच्या रविवारपासून कचेरीतली मंडळी एकेक करून आमच्याकडे यायला लागली, आपापली पेन्शन काढून घ्यायला. अण्णा दारातच त्यांचं स्वागत करायचे आणि आत आणता आणता माझी ओळख करून द्यायचे.

"कॉम्प्युटर चांगला येतो हो आमच्या सूनबाईला. फक्त तिला खरं काही सांगू नका."