घड्याळजींची साबणदाणी

आमच्या घरासमोरील घड्याळजी कमालीचे टापटिपीचे. त्यांच्या टेबलावरील चिमटे उंचीच्या क्रमाने ठेवलेले असत. परंतु घड्याळ दुरुस्त करून घेणारे राहिले नाहीत, आणि दुकान बंद करून नवराबायको उभयतांनी लेकीकडे राहायला जावे असे जवळजवळ ठरले होते. एकच आशा उरली होती. पलीकडच्या रोपवाटिकेचे मालक म्हणाले होते, "काका, काचघराचं तापमान दुकानात बसून कळेल अशी सोय करा. जमलं तर सगळ्या काचघरांची देखभाल तुमच्याकडे. शनिवारी बघायला येतो."

लेकीने बिनतारी सेन्सरचे किट पाठवले. त्यात दोन बोर्ड होते: एक तापमान मोजून हवेतून धाडणारा, दुसरा संगणकाला जोडून ते टिपणारा. डोळ्याला भिंग लावून घड्याळजींनी अँटेना पिळून बसवली, सेन्सरचे पाय खाचेत अलगद रोवले, बॅटरीची दिशा ताडून पाहिली. पडद्यावर आकडा उमटला.

"अगंबाई, बोललं की!" पत्नी म्हणाल्या.

उघडे यंत्र म्हणजे धुळीला आमंत्रण, हा घड्याळजींचा जन्माचा नियम. त्यांनी तापमान मोजणारा बोर्ड अँटेनासकट एका जुन्या पितळी डबीत घट्ट बंद केला व काचघरात नेऊन ठेवला. आकडा नाहीसा झाला. डबी परत आणून उघडली, तर यंत्र ठणठणीत. पुन्हा नेली, तर मुके. बॅटरी बदलली, सांधे तपासले. शुक्रवार उजाडला.

"अंतरच जास्त आहे," ते हताशपणे म्हणाले. "कळव लेकीला, येतोय म्हणून."

"अहो, अंतर कुठलं? इथंसुद्धा झाकण लावलं की गप्प होतं. तोंड बांधायचं आणि वर विचारायचं, बोलत का नाहीस!"

घड्याळजींनी झाकण लावले, काढले, पुन्हा लावले. पत्नींचे म्हणणे खरे होते. पितळ लहरींना अडवीत होते.

"पण धूळ?"

"माझी प्लॅस्टिकची साबणदाणी घ्या. भोकं खालून आहेत, हवाही लागेल."

"साबणदाणी! गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाईक राहिलं तर म्हणेल ना!"

शनिवारी मालक आले. काचघरातील गुलाबी साबणदाणी पाहून त्यांनी तेथूनच फोन लावला. "काका, यंत्राला आंघोळ घालताय की काय?" मग त्यांनी दार सताड उघडले. "आता बोला, काय दिसतंय?"

"उतरतंय... अजून उतरतंय. दार लावा, रोपं गारठतील."

दार लागल्याचा आवाज फोनवर आला. काही वेळाने आकडा चढू लागला, तसे घड्याळजींनी कळवले.

"बाकीचीही काचघरं घ्या हाती," मालक म्हणाले. "फक्त साबणदाण्या एका रंगाच्या आणा."

"ते सांगायला नको," घड्याळजी म्हणाले.

पत्नींनी लेकीला फोन केला. "येतो गं आम्ही. पण भेटायला, राहायला नव्हे. आणि तुझ्या बापाला साबणदाण्या कुठं मिळतील ते आधी सांग. माझी काही परत मिळत नाही."