तब्येत चांगली आहे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ज्यांच्या हाताखाली पीएचडी केली त्या सरांना तर नाहीच. मग तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही. तेवढी मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते.

अकोल्यातल्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. विद्यार्थी मान देतात. संशोधन प्रामाणिकपणे कसं करावं, यावर दर वर्षी तासच्या तास बोलते मी — आणि बोलताना आवाजसुद्धा हलत नाही. निर्लज्जपणाही अंगवळणी पडतो.

तेरा वर्षांपूर्वी अमरावतीला माझी पीएचडीची धडपड चालू होती. विषय असा, की आपलं शरीर आपल्याला जसं वाटतं आणि जसं असतं, त्यात किती फरक पडतो. ज्यांचं खाण्याशीच बिनसलेलं असतं, त्यांच्यात हा फरक फार मोठा असतो. हाडं वर आलेली पोरगीही स्वतःला अवाढव्य समजते. हा फरक मोजायची एक साधी रीत आहे. मुलीच्या हाती दोरी द्यायची आणि सांगायचं, तुझ्या कमरेचा घेर जेवढा वाटतो तेवढं वर्तुळ जमिनीवर लाव. मग टेपने खरी कंबर मोजायची. दोरी म्हणून मी परकराची लांब नाडी आणली होती. प्रबंधात तिची 'मापन-दोरी' झाली, ते सोडा. बहुतेक पोरी चार बोटं जास्त लावायच्या, हसायच्या आणि जायच्या.

प्राची हिवरखेडची. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. मार्च संपत आला होता, अमरावतीत डोकं तापायला लागलं होतं, आणि ही पोरगी स्वेटर घालून आली. मला दिसलं नाही का? दिसलं. एवढं शिकलेल्या बाईला दिसणार नाही तर कुणाला?

तिनं नाडी लावली. सावकाश, रांगोळीची रेघ ओढावी तशी, पुन्हा पुन्हा बाहेर सरकवत. ते वर्तुळ — त्यात तिच्यासारख्या दोघी उभ्या राहिल्या असत्या. आणि मी हसले. "अगं, म्हैस मोजतेयस का?" म्हणाले. हे शब्द माझेच आहेत.

ती हसली नाही. "नाई मॅडम, मी एवढीच आहो," म्हणाली.

नियम काय होता? पहिल्यांदा लावलेलं वर्तुळच धरायचं, मधे तोंड उघडायचं नाही. नियम मीच लिहिलेला. मी म्हटलं, नीट लाव, पुन्हा. तिनं नाडी थोडी आत घेतली. मी मान हलवली. तिसऱ्यांदा तिनं माझ्या तोंडाकडे बघत बघत ती आत ओढली, आणि जिथे माझा चेहरा निवळला तिथे थांबली. ते माप मी लिहून घेतलं. टेप लावताना माझी बोटं तिच्या फासळ्यांना लागली होती — तरीही.

का? पहिलं माप लिहिलं असतं तर सरांना कळवावं लागलं असतं, तिला डॉक्टरकडे पाठवावं लागलं असतं, संशोधनाच्या परवानगीचे कागद नव्यानं फिरले असते. इकडे अकोल्याच्या नोकरीची मुलाखत तोंडावर आलेली. आणि — हे लिहिताना जास्त लाज वाटते — मनात आलं, हिवरखेडच्या पोरीला कुठला हा आजार? हा तर इंग्रजी पुस्तकांतल्या पोरींचा. मेसचं जेवण आवडत नसेल हिला.

महिन्याभरानं तिची आई मला शोधत आली. गावात अंगणवाडी सेविका होती ती. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाली, "मॅडम, मी गावातल्या लेकराईची वजनं करतो, पण माह्या पोरीले काय झालं ते मले समजून नाई राहिलं. जेवूनच नाई राहिली ती. तुमी मोजलं म्हणते ना, मंग सांगा बरं."

तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी फाइल उघडली, तिसऱ्या मापावर बोट ठेवलं — बघा काकू, सगळ्या मुलींसारखंच आहे — आणि म्हणाले, "तब्येत चांगली आहे तिची."

प्राची दाराशीच उभी होती. तुम्ही वऱ्हाडातले नसाल तर हा शब्द सांगायला हवा. आमच्याकडे तब्येत म्हणजे प्रकृती, आणि तब्येत म्हणजे अंगानं भरणंही. लग्नानंतर जाड झालेल्या बाईला आम्ही म्हणतो, तब्येत चांगली झाली हो तुझी. मला हे ठाऊक नव्हतं? घोटाळा होऊ नये म्हणून माझ्या प्रश्नावलीतून हा शब्द मीच खोडला होता! आईनं एक अर्थ ऐकला, पोरीनं दुसरा. तिनं ओढणी पोटावर ओढून घेतली. मी ते पाहिलं, आणि फाइल बंद केली.

वार्षिक परीक्षेत पेपर लिहिता लिहिता ती कोसळली. हिवरखेडहून जवळ पडतं म्हणून घरच्यांनी तिला अकोल्याच्या दवाखान्यात आणलं, तिथे बरेच दिवस होती. हृदयाचे ठोके फार मंदावले होते म्हणे. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी फोनवर सांगितलं. तोवर मी अकोल्यात रुजू झाले होते. माझ्या कॉलेजपासून तो दवाखाना ऑटोनं दहा मिनिटं. मी गेले नाही. एकदा फाटकापर्यंत जाऊन परत आले, असं लिहावंसं वाटतंय — पण तेही खोटं होईल.

प्रबंध पास झाला. त्यात एक वाक्य आहे, की खेड्यांतून आलेल्या मुलींमध्ये स्वतःच्या शरीराबद्दल गंभीर गैरसमज आढळला नाही. त्या वाक्याचं कौतुक झालं. मी ते करून घेतलं.

मागच्या वर्षी अकोल्याच्या बसस्टँडवर तिच्या आईनं मला ओळखलं. मी तोंड फिरवणारच होते, पण तिनं हाक मारली. हिवरखेडची बस लागलेली होती. प्राचीनं कॉलेज सोडलं ते सोडलंच. घरी असते, शिकवण्या घेते. आई समोर बसली तर दोन घास खाते, आई अंगणवाडीत गेली की ताट तसंच. एवढं सांगून त्या बाईनं माझा हात धरला.

"चूक माहीच होती मॅडम. तुमी तं सांगतलं होतं, पोरगी चांगली आहे म्हणून. घरी आली का मीच तिच्या मांगं लागलो, समोर बसवू बसवू खाऊ घातलं, म्हणून तिनं जेवणाचा धसका घेतला."

इतकी वर्षं ती हे मनात घेऊन जगत होती. आपणच पोरीला आजारी पाडलं, असं समजून रोज त्या ताटासमोर बसत होती. आणि ऐकता ऐकता मला काय वाटलं, सांगू? सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे हिला कळलेलं नाही!

"असं मनात आणू नका काकू," मी म्हणाले. वर सल्लाही दिला — यापुढे तिला जबरदस्ती करू नका.

बस सुटायला अजून वेळ होता. ती खिडकीशी जाऊन बसली, मी खाली उभी राहिले. आम्ही उन्हाबद्दल बोललो, माझ्या मुलाच्या शाळेबद्दल बोललो. चूक तुमची नव्हती, माझी होती — एवढंच वाक्य होतं. बस सुटेपर्यंत मी तिथेच उभी होते, आणि ते मी बोलले नाही.