मिल्ट्याचा पूल बंद करायला कोणाची हरकत नव्हती

मिल्ट्याला ना नगराध्यक्ष होता, ना नगरपालिका. सतरा घरं, एक चर्च आणि एक धान्याचं उंच कोठार. गाव म्हणून कागदावर नोंदच नसल्याने भांडायलाही कोणी नसे; लोक हवामानाशी भांडत.

एल्डन डोलेझल ओढ्यापलीकडे राहायचा. वय शहात्तर, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. सकाळी गुरांना वैरण घालायची आणि लाकडी पुलावरून कोठाराच्या कचेरीत कॉफीला यायचं. तिथल्या अर्ध्या तासाच्या गप्पा हेच त्याचं दिवसभराचं बोलणं. पुढे घरात फक्त रेडिओ बोलायचा, तोही डुकरांच्या भावाबद्दल.

तो पूल कौंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, प्रशासन कायमचा बंद करणार, अशी बातमी आली. मग एल्डनला अठरा मैलांचा वळसा.

कचेरीत भडका उडाला. "यांच्या बापाचा पूल आहे का?" रोज कॉफीला येणाऱ्या लुमीरने टेबलावर मूठ आपटली. "सभेत तोंडावर सांगायचं!"

"सांगणार कोण? तू?" कॉफी ओतणाऱ्या इर्माने विचारलं.

"मी कशाला? एल्डन सांगेल. कमी बोलतो, म्हणजे मुद्द्याचं बोलेल."

एल्डनने आरशासमोर चार वाक्यं पाठ केली.

गुरुवारी दुपारी चर्चच्या तळघरात सभा भरली. कौंटीची तरुण इंजिनिअर ऐंशी मैलांवरून आली होती. इर्माने तिच्यापुढे खसखस भरलेल्या गोड पावांचं, कोलाच्यांचं ताट ठेवलं आणि तिथेच घात झाला. जिने आपल्या हातचं खाल्लं, तिच्याशी भांडायचं कसं?

"पूल बंद झाला तर कोणाची गैरसोय होईल?" तिने विचारलं.

सगळे आपापले बूट निरखू लागले. लुमीरने एल्डनला कोपराने ढोसलं. एल्डन टोपी काढून उठला.

"तशी... फार नाही," तो म्हणाला. "तुम्हालाही कामं असतील. आमचं चाललंय बरं."

"म्हणजे हरकत नाही असं लिहू?"

"तुम्हाला सोयीचं असेल ते लिहा, बाई."

तिने लिहिलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. मिल्ट्यात या बहिणीला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवत.

गाडीपाशी एल्डनने तिला उरलेल्या कोलाच्यांचा डबा दिला. गाडीचं दार मात्र त्याच्या हातून सुटेना.

"त्या लांबच्या रस्त्यावर बर्फ जरा जास्त साचतो," तो म्हणाला.

तिने वही उघडली. "हे नोंदवू का, काका?"

"छे छे! सहज बोललो. जपून जा."

आत लुमीर खुशीत होता. "सभा झकास झाली. पोरीने तीन खाल्ले!"

नोव्हेंबरात पुलावर आडवी फळी लागली. वैरण टाकून, वळसा घालून एल्डन पोचायचा तेव्हा कचेरीत तळाची कडू कॉफी आणि कोट चढवणारा लुमीर, एवढंच उरलेलं असायचं. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी लुमीर बटणं लावता लावता म्हणाला, "कॉफी अर्धा तास उशिरा ठेवायची का रे, तुझ्यासाठी?"

आता हे विचारणं म्हणजे निव्वळ रीत. समोरच्याने तीनदा नको म्हणायचं आणि विचारणाऱ्याने मोकळं व्हायचं. एल्डनने हातातल्या कपाकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

लुमीरचं बटण हातातच राहिलं. "हो?"

"हो. ठेवा."

सोमवारपासून कॉफी अर्धा तास उशिरा सुरू झाली. बायको गेल्यापासून एल्डन जरा हावरट झालाय, असं पुढे वसंत ऋतूपर्यंत सगळे म्हणत होते. रोज, तो यायच्या आधीची पाच मिनिटं.