नव्या माणसाचं आडनाव

लंडनमधल्या हॅरोच्या प्लॅटफॉर्मवर रोज सकाळी एक गोरे आजोबा दिसतात. ट्रेन लेट झाली की कोटाचं वरचं बटण काढतात, ट्रेन आली की लावतात. चेहरा दोन्ही वेळेला सेमच. त्यांची नक्कल मला एकदम फर्स्टक्लास जमते.

एकदा गप्पा निघाल्या आणि मी कराडच्या सवयीने विचारून बसलो, "आडनाव काय तुमचं? मूळ गाव कुठलं?" इथे असं कुणी विचारत नाही. शेजारच्या बाईंनी पेपर खाली केला.

आजोबा शांतपणे म्हणाले, "नॉयमान. जर्मन आहे, म्हणजे 'नवा माणूस'. गावात कुणी नवा माणूस राहायला आला की लोक त्याला हे म्हणायचे."

"आणि तो जुना झाल्यावर?"

"तरी हेच. माझे आजोबासुद्धा इथेच जन्मले."

पहिलं नाव विचारायचं मला सुचलंच नाही. आमच्याकडे आडनाव आणि गाव कळलं की माणूस कळला.

"आता तुमच्यानंतर कोण?"

त्यांनी बटण काढलं. "एकच मुलगी. तिला बाळ होणार आहे. जावयाचं आडनाव इंग्लिश आहे, सगळ्यांना लिहिता येतं."

"मग सांगा ना तिला, आपलंच लाव म्हणून!"

"मी कसं सांगणार?"

परवा ते आले आणि म्हणाले, "नात झाली. आडनाव आमचं लावलंय."

"काँग्रॅट्स! सांगितलंत वाटतं?"

"नाही, तिनेच ठरवलं." मग ट्रेनकडे बघत म्हणाले, "बरोबरच आहे. आमच्या घराण्यात हे आडनाव खरंच शोभेल अशी सध्या ती एकटीच."