अर्ध्या काणीवरून उठायचं नाही

“आणि मगे? रेवतीन दार उगडलां तर भायर कोण?”

“ता फाल्यां कळतलां, बाय. आजची मालिका इतक्यार सोंपली. पूण तुजो टीवी कित्या बंद आसा?”

“बंद खंय? चालू आसा मगे. चालू जावन माकाच सांगता, हो टीवी तुमच्या घरचो न्हय.”

“कोण सांगता?”

“टीवीच, गे! वयर अक्षरां येतत. माजो टीवी, माज्या घोवान हाडलेलो, आणि म्हणता घरचो न्हय!”

पार्शात आनंदी फोन कानापासून लांब धरून खो खो हसली. पलीकडे नार्व्यात तिची बहीण सुलोचनाबाय मात्र हसली नाही. “ठेवतां गे, पाठ दुखता,” म्हणाली आणि फोन बंद झाला. आनंदीचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

आनंदी भाजीवाली. पाऊस सरला, भात कापून झालं की घरामागच्या मळ्यात तिचे वाफे पडतात. तांबडी भाजी, मुळा, वाल, मिरच्या. सकाळी पेडण्याच्या बाजारात पाटी घेऊन बसते. तिच्याकडे भाजी घ्यायला जाणाऱ्याने घरी वेळ सांगून जावं, कारण प्रत्येक जुडीमागे एक गोष्ट असते. ही जुडी मोराने चोच मारूनसुद्धा वाचली, हा मुळा उपटताना मी मागे पडले, हा वाल सुनेला खाऊ घाल, मुलगी होते. निम्मं खोटं. घेणाऱ्यालाही ते ठाऊक, पण उद्या तो पुन्हा तिच्याच पाटीपुढे उभा. बहिणीशी मात्र ती कधी खोटं बोलली नव्हती. एक तर सुलोचनाबाय थोरली, आणि दुसरं म्हणजे तिला कळतं.

सुलोचनाबाय गेल्या गणेशचवथीच्या आधी न्हाणीत पडली आणि कंबरेचं हाड मोडलं. डॉक्टरने सांधून दिलं, म्हणाला, आता बसायचं, उठायचं, चालायचं. ती काही बसेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सून प्राजक्ता नोकरीसाठी डिचोलीला जायची, दिवसभर घरात कुणी नाही. प्राजक्ताने आनंदीला फोन करून सांगितलं होतं, “मावशे, आई जेवना, बोलना. डॉक्टर म्हणता, अशी निजान रावली जाल्यार मगे उठची ना.”

तेव्हा आनंदीचा मुलगा गौरेश कामाला आला. हा मोप्याच्या विमानतळावर सामान चढवतो-उतरवतो. त्याने आईच्या टीव्हीवर मालिका बघायचा पॅक घातला होता, तोच एका रविवारी नार्व्याला जाऊन मावशीच्या टीव्हीवरही घातला. झालं. दुपारचं जेवण झालं, ऊन वाफ्यांवर चढलं, आता पाणी घालून उपयोग नाही, अशा वेळी दोन्ही बहिणी दोन गावांत एकच मालिका लावायच्या. मध्ये फोन चालू. “लाय!” असं आनंदी ओरडली की दोघींनी एकदम बटण दाबायचं.

मालिका मुंबईची. रेवती नावाची बाई, मोठं घर, मोठी मोटार, आणि माणसं सगळी चोर. सुलोचनाबाय रेवतीसाठी उठून बसायला लागली. झोपून टीव्ही नीट दिसत नाही म्हणून आधी उशीला टेकून, मग जनेलाकडच्या कदेलवर. खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या सासूला बघून प्राजक्ता पहिल्या दिवशी दारातच थांबली होती म्हणे.

आनंदीला रेवतीचं सोयरसुतक नव्हतं. तिला त्या कदेलचं होतं.

पण ह्या कंपन्या माणसाला सुखाने बघू देतील तर ना. आधी जाहिराती आल्या. गौरेश वैतागला, “जायराती नाका म्हणून पयसे भरले, आतां जायराती नाका जाल्यार आनीक पयसे भर म्हणता!” दोघींचा वेगळाच घोळ. एकीकडे साबणाची जाहिरात लवकर संपायची, दुसरीकडे गाडीची चालूच. सुलोचनाबाय पुढे निघून जायची आणि फोनवर “अगे बाये, थापट मारली!” म्हणायची. आनंदी ओरडायची, “पुढां सांगूं नाका, माजी गाडी अजून धांवता!” भांडायच्या, पण त्यात मजाच होती.

आता मात्र टीव्ही घरचा नाही म्हणाला होता.

संध्याकाळी गौरेश आला तसा तिने त्याला चहासुद्धा पुढे न करता विचारलं.

“आये, एक पॅक एका घराक. मावशेचां घर वेगळां.”

“ताका सांग मगे, ती माजी सकी भयण. म्हणावां, एका आवशीच्या पोटची.”

“ताका भयण कळना गे. ताका वायर कळता.”

“तर मगे ताका घर कितां ता तरी कितां कळता?”

गौरेशने स्वतःच चहा ओतून घेतला. तो म्हणाला, क्रिकेट एकात, सिनेमे दुसऱ्यात, तुझी रेवती तिसऱ्यात, सगळीकडे पैसे भरतो आणि रात्री घरी आल्यावर काय बघू ते शोधता शोधता झोपतो. मावशीचं घर वेगळं जोडून घ्यायला त्याची ना नव्हती, पण आनंदीलाच ते बरं वाटलं नाही. पोर उन्हात लोकांच्या बॅगा उचलतो. ती म्हणाली, “रावं दी. हांव बघतां आणि तिका सांगतां.”

दुसऱ्या दिवसापासून ती बघायची आणि मग फोन लावून सांगायची. सुलोचनाबाय पलीकडे कदेलवर बसून “हूं” म्हणायची.

ह्या “हूं”ची सवय दोघींना लहानपणची. त्यांच्या आईच्या घरी श्रावणातल्या आयतारांना, म्हणजे रविवारी, काणी असायची, व्रताची गोष्ट. आई पाटावर पत्री मांडून आदित्याची पूजा करायची, मुलींच्या मुठीत तांदळाचे दाणे द्यायची आणि काणी सांगायची. सांगणाऱ्याला ऐकणारा हवा, आणि ऐकणाऱ्याने हूं म्हटलं पाहिजे. मूठ उघडायची नाही, मध्ये उठायचं नाही. काणी पुरी झाली की दाणे तुळशीत. अर्ध्यावरून कुणी उठलं तर काणीतली माणसं तिथेच अडकून राहतात, आई सांगायची. एकदा आनंदी मध्येच शेजारणीच्या वासराला बघायला पळाली, तर सुलोचनाबाय तिचे दाणेही आपल्या दुसऱ्या मुठीत घेऊन शेवटपर्यंत बसली होती, दोन्ही मुठी मिटून.

मग रेवतीने बॅग घेतली आणि घर सोडलं, त्याच्या दुसऱ्याच दुपारी आनंदीने टीव्ही लावला तर मालिका नाही. वर शोधली, खाली शोधली. नटव्या बायांच्या दहा दुसऱ्या मालिका, रेवती कुठे नाही. सकाळपाळी करून जेवायला आलेल्या गौरेशने बघितलं.

“गेली, आये. दुसऱ्या कंपनीन घेतली.”

“अशी कशी गेली? अर्द्यार?”

“अशीच जातत. ती दुसरी घालूया म्हटलां तर आपल्या टीवीर चालना. जुनो म्हणता. टीवी बदलूक जाय.”

“एका बायलेक घरा हाडूक टीवी बदलूं?”

गौरेश म्हणाला, सुटीच्या दिवशी माझ्या फोनवर दाखवतो. आणि तेवढ्यात आनंदीचा फोन वाजला.

“जेवली गे? हांव कदेलार बसलां,” सुलोचनाबाय म्हणाली. “सांग. खंय गेली ती?”

आनंदीने टीव्हीकडे बघितलं, मग गौरेशकडे. गेली, आता गौरेशच्या सुटीपर्यंत काही कळायचं नाही, असं सांगायचं आणि फोन ठेवायचा. सोपं होतं. मग नार्व्यात ती कदेलवरून उठणार आणि भिंतीकडे तोंड करून पडणार.

“रेवती मगे...” आनंदी म्हणाली, “रेवती बशीत बसली.”

“हूं. खंयच्या?”

“खंयच्या म्हणजे, गांवच्या.”

गौरेशने घास तसाच हातात धरून आईकडे बघितलं. आनंदीने त्याला डोळे वटारले आणि पाठ फिरवून पुढे सांगत राहिली.

पहिल्या दिवशी ती जपून बोलली. रेवती बसमधून उतरली, कुणी ओळखीचं नाही, एका म्हाताऱ्या बाईने ओसरीच्या सोप्यावर बसायला दिलं, इथवर. रात्री तिला वाटलं पाप केलं. पण दुसऱ्या दुपारी तोंड उघडलं आणि बाजारातली जीभ सुटली. म्हातारी खाष्ट. रेवतीला म्हणते, फुकट जेवशील काय, वाफे काढ. रेवतीच्या पायात त्या उंच टाचांच्या चपला, त्या चिखलात रुतल्या त्या रुतल्या. मोटारीतून फिरलेली बाई अनवाणी कळसो भरून पाणी घालते. माकडं आली तर नवऱ्याचा कोट काठीवर घालून बुजगावणं केलं.

“कोट खंयसून आयलो?” सुलोचनाबाय म्हणाली.

आनंदी गडबडली. “बॅगेंत आसलो मगे.”

“हूं. घोव नाका, घोवाचो कोट जाय.” आणि ती हसली. पडल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर आनंदीला लाजच राहिली नाही. वाफ्यात वाकलेली असताना उद्या रेवतीचं काय करायचं ते ती ठरवायची. मुळ्याला कीड लागली तर रेवतीच्याही मुळ्याला लागायची. एकदा रेवती मिरच्यांवर राख मारत होती तर पलीकडून आवाज आला, “कित्याक मारता? पानां सुकल्यार राख रावना. सकाळीं धंव आसता तेन्ना मारूक जाय. सांग तिका.”

“सांगतां,” आनंदी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दोघींनीही, तिने आणि रेवतीने, दंव असतानाच राख मारली.

असं चाललं होतं. तांबड्या भाजीची पहिली खेप विकून झाली, दुसरी उगवली. एका रविवारी गौरेशला सुटी होती, त्याच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन आनंदी नार्व्याला गेली. वाटभर तिच्या मनात एकच. समोरासमोर बसून बाय विचारील आणि मला तोंडावर खोटं बोलता येणार नाही.

सुलोचनाबाय अंगणात होती. हातात चार पायांची काठी, एक पाय पुढे, थांबली, दुसरा पाय. तुळशीपर्यंत जाऊन ती वळली तेव्हा तिला आनंदी दिसली.

“तोंड कित्या उगडां? बस. मुळो हाडलो? आमचो की रेवतीचो?”

प्राजक्ता आतून चहा आणि उंडे पाव घेऊन आली. खुशीत होती. म्हणाली, “मावशे, आईक सांग मगे तू. ती मालिका माज्या फोनार दिसता. ऑफिसांतल्या चेडवान घालून दिली कधींच. आई बघना. दोन दीस बघली आणि म्हणता, बंद कर.”

आनंदीच्या हातातला उंडा चहात तसाच राहिला, फुगला आणि तुटून पडला. गौरेश उठून उगाच स्कूटर पुसायला गेला.

“तुका खबर आसलां?” आनंदीने विचारलं.

“खबर ना तर! मुंबयची बाय आणि येवन तांबडी भाजी लायता?” सुलोचनाबाय कदेलवर टेकत म्हणाली. “बशीत बसली म्हणालीस तेन्नाच कळलां. ती बाय बशीत बसतली?”

“मगे बोलली कित्या ना?”

“तूं सांगताली मगे. मदीं कशी उठूं?” तिने चहाचा घोट घेतला. “बघली थोडी फोनार. थंयची रेवती परती गेली घोवाच्या घरा. पांयां पडता, रडता. माका ना आवडली. तुजी बरी. तिका वाफे तरी करूक येतत.”

आनंदीच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने चहाच्या वाफेवर ढकललं. खिडकीच्या फळीवर औषधांच्या शेजारी एक करवंटी होती. तिच्यात तांदळाचे चार दाणे. आनंदीने बघितलेलं सुलोचनाबायने बघितलं.

“मुठींत धरूक जायना गे आतां. बोटां आंवळना. म्हणून थंय दवरल्यात.”

“आणि तुळशींत केन्ना घालतली?”

“सोंपल्यार. पूण इतक्यार सोंपयूं नाका. तुज्या मळ्यांतल्यो मिरसांगो तांबड्यो जावंदी.”

परतताना गौरेश स्कूटरवरून ओरडून म्हणाला, “आये, ती कंपनी तुकाच नोकरेक दवरची!” तिने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

दुसऱ्या दुपारी फोन आला तेव्हा ती वेळेआधीच मळ्याच्या कडेला बसली होती. आता लपवायला काही नव्हतं, तरी पहिलं वाक्य जड गेलं. “रेवती मगे,” ती म्हणाली आणि थांबली. पलीकडे कदेल करकरलं. “हूं,” सुलोचनाबाय म्हणाली. मग सुरू झालं. म्हातारीची कंबर धरली होती, तर रेवतीने तिला पाणी तापवून शेक दिला, आणि म्हातारी खाष्टपणाने म्हणाली, तुला शेक देता येत नाही. सुलोचनाबाय म्हणाली, “म्हातारी बरी आसा.” आनंदी म्हणाली, “बरी कितां, म्हातारी वायट.” दोघी हसल्या.

उन्हं माडांच्या मागे उतरली. मिरच्यांची पानं दुपारभर मान टाकून होती.

“ठेवतां बाय,” आनंदी म्हणाली. “झाडां सुकतत.”

“आणि रेवती?”

“तीय उठली. तिकाय पाणी घालूक जाय.”

फोन तिने कमरेला खोचला, लुगड्याचा काष्टा आवळला, कळसो भरला आणि पहिल्या वाफ्यात उतरली.