राऊतभाऊंची कोथिंबीर

आमच्या तलासरीच्या ऑफिसात फाईल हलायला वेळ लागतो, पण किस्सा सकाळी घडला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिखटमीठ लावून तयार असतो. मी डहाणूहून बसने ये-जा करते आणि घरी पोचेस्तोवर आठवून आठवून एकटीच हसते. रोजची शेजारीण आता जरा सरकून बसते. गेल्या वर्षभरातले सगळे किस्से मात्र एकाच जागी सुरू झाले, आमच्या हायवेकडच्या खिडकीत.

तिथे नव्या मॅडमनी बियांचे ट्रे मांडले. छोट्या छोट्या खणांचे प्लास्टिकचे ट्रे, आत कोकोपीट. "प्रत्येकाने एकेक घ्यायचा. ऑफिसात जरा हिरवं दिसू दे," म्हणाल्या. साहेबीणबाईंना नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी घेतले.

*

राऊतभाऊंचं प्रकरण मात्र गंभीर होतं. मार्चअखेर ते रिटायर होणार होते. गंजाडला त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे, आणि तिथे जाऊन राहायचं हे त्यांचं स्वप्न मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. वहिनींना जायचं होतं विरारला, मुलाच्या फ्लॅटमध्ये. भाऊंचा जन्म गेला सरकारी क्वार्टरमध्ये. विळा कुठून धरायचा तेही त्यांना विचारूनच घ्यावं लागेल!

वहिनींनी अट घातली. "आधी ऑफिसच्या त्या ट्रेमध्ये कोथिंबीर काढून दाखवा. उगवली तर गंजाड, नाहीतर विरार. धणे मी देते."

ही अट आम्हाला सांगितली त्या दिवशी भाऊंनी डबा अर्धाच खाल्ला.

*

आमचे जिग्नेशभाई उंबरगावहून येतात. त्यांनी पिटुनियाचं बी आणलं. बी कसलं, धूळच ती. त्यांनी ते कागदावर ओतलं, चष्मा लावला, आणि नीट दिसावं म्हणून ट्यूबलाईटचं बटण दाबलं. बटण पंख्याचं होतं.

आम्ही सगळे वर बघत बसलो.

"पेरणी तर थई गई," जिग्नेशभाई शांतपणे म्हणाले. "फक्त कुठे झाली ते बघायचं."

महिन्याने पिण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत चार इवली रोपं निघाली. आता कुणी पाणी प्यायला उठलं की ते जागेवरून ओरडतात, "जपून हं, माझं शेत आहे तिथे."

*

माझंही सांगते, नाहीतर म्हणाल ही दुसऱ्यांचीच टिंगल करते. मी तुळस पेरली. आठव्या दिवशी कोंब आला. मी त्याला चमच्याने पाणी घातलं, रोज फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. आईने जोडलेले हात पाठवले.

तीन आठवड्यांनी आमच्या साफसफाईच्या मंदामावशी झाडू मारता मारता थांबल्या. मावशी रानशेतच्या, घरी भातशेती.

"बाई, हे तण कशाला पाळलंय? भातातलं उपटून उपटून माझी कंबर गेली."

ग्रुपवर मी अजून काही बोललेले नाही. आई विचारते, मंजिऱ्या आल्या का.

*

भाऊंचे धणे दोनदा पेरून झाले, कोंबाचा पत्ता नाही. शेवटी त्यांनी मावशींना गाठलं.

"आम्ही तर राब भाजल्याशिवाय बी टाकत नाही," मावशी म्हणाल्या.

राब भाजायचा म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून पेटवायचं आणि मग त्या मातीत पेरायचं. शेतात, बरं का! भाऊंनी मागच्या व्हरांड्यात ट्रेमध्ये सुका पाला भरला आणि काडी लावली. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये.

वास आला म्हणून मॅडम धावत आल्या. ट्रेची पोळी झाली होती. भाऊ काडेपेटी हातात धरून उभे.

"मॅडम, राब जरा जास्त भाजला."

आम्ही पोट धरून हसलो. भाऊ हसले नाहीत. रिटायरमेंटला दोनच महिने उरले होते. मला नंतर फार वाईट वाटलं.

*

तिसऱ्या वेळी नवा ट्रे आला. भाऊंनी वहिनींची पुडी सोडली, पेरलं आणि हात धुवायला गेले. मावशींनी ट्रेमधून एक धणा उकरला, नखाने फोडला, नाकाशी नेला.

दुसऱ्या दिवशी पदराच्या गाठीत घरचे धणे घेऊन आल्या. रगडून त्यांच्या दोन-दोन फाका केल्या आणि भाऊ यायच्या आत ट्रेमध्ये पेरून मोकळ्या.

"मावशी, हे काय?" मी विचारलं.

"भाजलेलं बी कधी उगवतं का, बाई? मसाल्याचे धणे ते." मग हळूच म्हणाल्या, "भाऊंना सांगू नका. त्यांच्या घरातली गोष्ट आहे."

*

निरोप समारंभाला शाल झाली, श्रीफळ झालं, मॅडमचं भाषणही झालं. वहिनी पहिल्यांदाच ऑफिसात आल्या होत्या. हारासकट भाऊंनी त्यांना थेट खिडकीशी नेलं. ट्रेमध्ये चार बोटं उंच, हिरवीगार कोथिंबीर.

"बघ. तुझ्याच धण्यांची."

"शक्यच नाही," वहिनी म्हणाल्या. "मी तर धणे..." आणि थांबल्या.

मंदामावशी माठाजवळची फरशी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तू तर धणे काय?" भाऊंनी विचारलं.

वहिनींनी एक पान खुडलं, चुरडून वास घेतला. भाऊंकडे बघितलं, मग बराच वेळ मावशींकडे.

"मावशी," त्या म्हणाल्या, "गंजाडची बस किती वाजता असते?"