हत्तीच्या सर्दीचं पारायण

एक आवाज अजून कानात आहे. पान उलटल्याचा.

मी लहान होतो. आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात संध्याकाळी पोथी लागायची. वाचणारे काका बोट जिभेला लावायचे आणि सावकाश पान उलटायचे. सगळं गाव बसलेलं, पण तेवढ्या वेळात कोणी खोकतसुद्धा नसे. पायरीवर बसलेल्या मला तो कागदाचा आवाज ऐकू यायचा. वाटायचं, ज्याच्या हातून हा आवाज निघतो तो माणूस मोठा.

माझी शाळा तिसरीत सुटली. पुढचा जन्म दर्यापूरच्या जिनिंगमध्ये कापूस उचलण्यात गेला. अक्षर लागतं मला, पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. तरी तो आवाज काही डोक्यातून गेला नाही. आणि त्यानंच मागच्या दिवाळीत माझी अशी फजिती केली, की अजूनही गावात कोणी शिंकलं तर लोक आधी माझ्याकडे पाहतात.

सांगतो. पण माझं बोलणं हळू आहे, तुम्ही चहा घेत राहा.

माझा मुलगा आणि सून अकोल्याला असतात. दोघंही नोकरीवर. त्यांची मुलगी आरोही, आम्ही तिला आरू म्हणतो, तिसरीत आहे. म्हणजे माझ्याएवढीच शिकलेली. दिवाळीच्या सुट्टीत सून तिला आमच्याकडे सोडायला आली. कपड्यांच्या पिशवीसोबत दुसरी एक पिशवी होती. त्यात चित्रांची पातळ पातळ पुस्तकं.

"आबाजी, एक काम तुमच्याकडं," सून म्हणाली. "हिले वाचायची गोडी लावा. वर्गात बाई वाचाले सांगते तं हे खिडकीतून बाहेर पाहत बसते. मोबाईल मी घेऊन जाऊन राहिली."

"मले काय येते व बाई त्यातलं?"

"नाही आलं तरी चालते. तुमी नुसते जवळ बसा."

नुसते जवळ बसा. आता तुम्हीच सांगा, यात न समजण्यासारखं काही होतं का?

चुलीपाशी माझी म्हातारी भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "त्यायले बसाचं चांगलं जमते. काळजी नको करू."

पहिले काही दिवस मी खरंच नुसता बसलो. पोरगी एक दिवस कंटाळली, दुसऱ्या दिवशी आणखी कंटाळली, आणि मग आपल्या आपणच तिनं पिशवी उपडी केली. त्यात एक पुस्तक होतं हत्तीचं. हत्ती बाजारात जातो, बर्फाचा गोळा खातो, त्याला सर्दी होते, आणि तो शिंकला की कोणाचं छप्पर उडतं, कोणाची टोपी उडते, आणि शेवटी त्याला काढा देतात. एवढीच गोष्ट.

आरू बाजेवर पालथी पडून वाचायची. पाय वर, हवेत हलवत. एका हाताने चिवडा. शिंकेचं पान आलं की हसत हसत खाली घरंगळायची. कधी शेवटचं पान आधी, कधी एकच पान चार वेळा. गोठ्यात जाऊन बकरीला वाचून दाखवायची, आणि बकरीनं कान हलवला की म्हणायची, "आबाजी, इले समजलं."

तुम्ही म्हणाल, मग झालं की काम. होय, झालं होतं. सुनेनं सांगितलेलं सगळं काम माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हाताविना झालं होतं. पण मला ते दिसायला पाहिजे ना? मला दिसत होते ते तिचे वर केलेले पाय. आणि पानावर पडलेला चिवड्याचा तेलकट डाग. आणि देवळातले काका आठवायचे.

"आरू," मी म्हटलं, "पुस्तक असं लोयून वाचते काय व कोणी?"

"मंग कसं वाचतात?"

इथं मी गप्प राहिलो असतो तर हा किस्सा तुम्हाला ऐकावा लागला नसता. जन्मभर मी गप्प राहिलो, नेमका त्या दिवशी बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आंघोळ घातली. ओसरीवर चटई टाकली. चौरंग पुसून त्यावर स्वच्छ फडकं अंथरलं आणि फडक्यावर हत्तीचं पुस्तक ठेवलं. मी टोपी घालून समोर बसलो. तिला सांगितलं, आधी पुस्तक कपाळाला लावायचं. मांडी घालायची. पहिल्या पानापासून सुरू करायचं. खाणं नाही. आणि अध्याय मधात सोडायचा नाही.

"याच्यात अध्याय नाही आहे, आबाजी. हत्ती आहे."

"मंग हत्ती मधात सोडायचा नाही."

तिला तो खेळ वाटला. ती मांडी घालून मोठ्यानं वाचू लागली. खरं सांगतो, तिनं बोट जिभेला लावून पान उलटलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात शेजारची शांताबाई विरजण मागायला आली. तिनं दारातून पाहिलं. न्हालेली पोर, चौरंग, पुस्तक, समोर टोपी घालून हात जोडलेला म्हातारा. तिनं चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि येऊन बसली.

हत्ती शिंकला. शांताबाईनं हात जोडले.

वाचून झालं तेव्हा ती हळूच म्हणाली, "कोनती पोथी हाय हे?"

"हत्तीची," आरू म्हणाली.

"म्हंजे गणपतीचीच की व बाई. नवीन निघाली दिसते." तिनं चौरंगाला डोकं टेकवलं, विरजण विसरून घरी गेली, आणि केळी घेऊन परत आली. केळी पुस्तकासमोर ठेवली.

आता मी सांगायला नको होतं का, की बाई, ही पोथी नाही, पोरांचं पुस्तक आहे? हवं होतं. पण शब्द जुळवायला मला वेळ लागतो. मी पहिला शब्द शोधत होतो तोवर ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी दोघी-तिघींना घेऊन आली. मग त्यांच्यासमोर कसं सांगायचं? एकीनं तर पुस्तकाला कुंकू लावलं. बरोबर हत्तीच्या सोंडेवर.

म्हातारी दळण निवडत हे सगळं पाहत होती. बायका गेल्यावर म्हणाली, "काहून हो, उद्या बकरीलेही हार घालता काय?"

"पोरगी वाचून राहिली ना," मी म्हटलं.

"ते आधीबी वाचतच होती."

मी ऐकलं नाही. एवढी माणसं माझ्या नातीचं वाचणं ऐकायला बसतात, याचंच मला अप्रूप. असं कोणी माझ्यासमोर कधी बसलं नव्हतं.

ओसरी पुरेना, म्हणून वाचन देवळात हललं. मंडपवाल्या रमेशनं भोंगा लावून दिला. म्हणाला, "आबाजी, शेतातल्या बायायलेही आयकू गेलं पायजे." गावातली पोरंही यायला लागली. का, तर शेवटी फुटाणे वाटले जायचे. पोरं फुटाण्यांवर डोळे ठेवून मान डोलवायची. मला वाटलं, गावभर गोडी लागली.

आणि पहिल्या रांगेत येऊन बसले नामदेवराव. साठ वर्षं पोथी ऐकलेला माणूस. त्यांना एक अक्षर चुकलेलं चालत नाही. आरू 'छप्पर' वाचताना जरा अडखळली की ते हात वर करायचे.

"थांब माय. पुन्हा पयल्यापासून."

"आजोबा, एकच शब्द चुकला."

"एक काय अन् दहा काय. खंड पडला. घे पयल्यापासून."

ती पुन्हा हत्तीला बाजारात न्यायची. बिचाऱ्या हत्तीनं एका सकाळी किती गोळे खाल्ले असतील, देवच जाणे.

शिंक आली की नामदेवराव म्हणायचे, "शिंक सावकाश घे. शब्द समजला पायजे." आणि मग लोकांकडे वळून अर्थ सांगायचे. "आता इथं हत्ती म्हंजे काय, तं आपला जीव. गोळा म्हंजे मोह. थंडगार लागते, गोड लागते, पन मंग काय होते? सर्दी होते."

बायका सुस्कारा टाकायच्या. शांताबाईनं पदरानं डोळे पुसले. "एवढं मोठं जनावर," ती म्हणाली, "त्यालेबी भोग चुकले नाई."

एकदा शिंकेच्या पानावर आरूला हसू फुटलं. भोंग्यातून ते हसू पार शिवारात गेलं. सगळा सभामंडप तिच्याकडे पाहू लागला.

"देऊळ हाय हे," नामदेवराव म्हणाले.

मी तिच्याजवळच बसलो होतो. मी काय केलं असेल? तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "हं. हसू नाई, बाई."

त्यानंतर ती त्या पानावर हसली नाही. वाचणं मात्र अगदी स्वच्छ झालं. नामदेवरावांचा हात वर जाईना.

एका दुपारी ती मला म्हणाली, "आबाजी, उद्या मगरीचं वाचू का? पिशवीत मगर आहे."

"लावलेलं संपल्याशिवाय दुसरं धरत नसते, आरू."

"हे रोजच संपते."

"समारोप व्हायचा हाय ना."

तिनं पुस्तकांची पिशवी भिंतीकडे सरकवली. मग म्हणाली, "मम्मी कधी येनार?"

एवढ्यावरून तरी समजायला पाहिजे होतं. पण जिनिंगच्या घरघरीत आयुष्य काढल्यावर माणसाला हळू बोललेलं लवकर ऐकू येत नाही.

समारोप म्हटल्यावर भंडारा आलाच. मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण आमच्याकडे पारायण बसलं की शेवटी पंगत उठते, ते कोणी कोणाला सांगत नाही. कोणी वांगी आणून टाकली, कोणी पीठ, कोणी तेलाचं पिंप. देवळामागं चुली पेटल्या. म्हातारी चार बायकांसोबत पोळ्या लाटायला बसली. मी दिसलो की लाटणं थांबवून माझ्याकडे नुसतं पाहायची, आणि पुन्हा लाटायची.

त्याच दिवशी मुलगा आणि सून आरूला न्यायला आले. बसमधून उतरतात तो भोंग्यावर त्यांच्या पोरीचा आवाज. 'हत्तीने सोंड वर केली.' सून तशीच पिशवी घेऊन देवळात आली. पाहते तर काय, तिची आरोही परकर-पोलक्यात, कपाळभर गंध, गळ्यात झेंडूचा हार, पापणी न हलवता वाचते आहे. समोर हात जोडलेलं अख्खं गाव. मागं वांग्याच्या भाजीचा वास.

शेवटची शिंक झाली. शांताबाईनं फुलं उधळली. कोणीतरी घंटा वाजवली.

"आबाजी," सून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हे काय होय?"

मला वाटलं, खूश झाली. मी म्हटलं, "तुनंच सांगितलं होतं ना, गोडी लाव म्हणून."

माझा मुलगा दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. रडत नव्हता तो.

पंगतीत नामदेवराव माझ्या शेजारी बसले. बुंदी घेत म्हणाले, "आबाजी, पोथी झाक होती. पन येक शंका हाय. शेवटी हत्तीले मोक्ष भेटला का नाई?"

"काढा भेटला," मी म्हटलं.

ते विचारात पडले. "येकच हाय," म्हणाले आणि आणखी बुंदी मागितली.

जेवणं उरकून घरी आलो. सुनेनं आरूचा हार काढला, गंध पुसलं आणि विचारलं, "काय व, वाचाले मजा आली?"

आरू बाजेवर बसली. पाय खाली सोडलेले, हात मांडीवर. पिशवीतली बाकीची पुस्तकं तिनं उघडलीही नव्हती. मगर तशीच कोरी होती. पहिल्या दिवसांत हीच पोर इथंच लोळून हसत होती, हे मला तेव्हा कुठं दिसलं. त्या हसण्याला शिस्त लावायला कोण गेलं होतं? आणि तेही कोण, तर ज्याला स्वतःला एक पान धड वाचता येत नाही तो.

म्हातारी पाणी प्यायला आत आली. मला वाटलं, आता बोलेल. ती पाणी पिऊन परत भांडी घासायला गेली. त्याचं जास्त वाईट वाटलं.

मी त्याच संध्याकाळी जीपमध्ये बसून दर्यापूरला गेलो. चित्रांचं एक जाड पुस्तक घेतलं, पानोपानी माकडं असलेलं. घरी येऊन तिला म्हटलं, "आरू, हे तुह्यं. कसंही वाच. लोयून वाच, उलटं वाच, शेवटचं पान आधी वाच. चिवडा देऊ काय?"

तिनं पुस्तकाला हात लावला नाही. "सकाळी, आंघोळ झाल्यावर," म्हणाली.

सकाळी अकोल्याची गाडी होती. मुलगा आणि सून पिशव्या घेऊन दारात उभे. आरू न्हाऊन आली, केस ओले. मी पुस्तक पुढं केलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, देवघरापाशी गेली, टाचा उंचावून ते गणपतीशेजारी नीट ठेवलं, हात जोडले, आणि आईच्या मागं चालू लागली.